साठ सेंटांतला राजवाडा

२०२५च्या ऑक्टोबरात व्हाइट हाऊसची पूर्वेकडची इमारत जेसीबी लावून पाडायला घेतली आणि तिथे भलीमोठी बॉलरूम होणार अशी बातमी आली. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी विचारलं, ‘‘एवढं मोडून तिथे चेंडू खेळणार का हे लोक?’’ धडाधड हसरे चेहरे पडले. (खरं तर व्हाइट हाऊसच्या तळघरात बोलिंगची सोय आधीपासून आहे. काका अगदीच चुकले नव्हते.) पण हसणाऱ्यांपैकी किती जणांना बॉलरूम म्हणजे काय ते धड सांगता आलं असतं? आपल्या डोळ्यांसमोर येतं ते जुन्या हिंदी सिनेमातलं दृश्य: झुंबरं, पियानो, गाऊन घातलेली नायिका आणि कोपऱ्यात व्हिस्कीचा ग्लास फिरवत उभा असलेला खलनायक. थोडक्यात, पैसेवाल्यांची जागा.

व्हाइट हाऊसची बॉलरूम त्याच जातीची असणार. पण अमेरिकेत १९२०च्या आसपासपासून १९४६पर्यंत ज्या शेकडो बॉलरूम चालल्या, त्यांचं गिऱ्हाईक वेगळंच होतं. तिथे टायपिस्ट मुली यायच्या, कारखान्यातले कामगार यायचे, वेटर, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका यायच्या. ज्याला आज ‘बिग बँड’ म्हणतात ते संगीत या लोकांना नाचवण्यासाठी वाढलं. माझं म्हणणं असं की हे बँड मोठे झाले ते मुळात खोल्या मोठ्या होत्या म्हणून; आणि खोल्यांचा हिशेब बसेना तेव्हा तेही मोडले. तो हिशेब एकदा नीट मांडू या.

आधी ‘बॉल’चं काय ते

या ‘बॉल’चा चेंडूशी संबंध नाही. नाचणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो आला. ‘बॅले’ त्याच घरातला. युरोपात बॉल म्हणजे राजेरजवाड्यांची नाचाची मेजवानी, आणि ती जिथे व्हायची ती बॉलरूम. तिथे आमंत्रण लागायचं. अमेरिकेने त्यातलं आमंत्रण काढलं आणि तिकीट ठेवलं. बाकी थाटमाट तसाच, किंबहुना चार आणे जास्तच.

त्याआधीही शहरांत नाचाचे अड्डे होतेच. पण दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या त्या खोल्यांची इतकी बदनामी झाली होती की घरंदाज पोरीने तिथे पाय ठेवणं म्हणजे संपलंच. १९२०मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, गुत्ते बंद झाले, आणि काही धंदेवाईक डोक्यांच्या लक्षात आलं की तरुण पोरांच्या हातात पगार आहे, शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे आणि जायला जागा नाही. ‘तुमच्या मुलीला आमच्याकडे बिनधास्त पाठवा’ असं आईबापांना सांगू शकणारी जागा काढली तर?

शिकागोचे दोन ग्रीक भाऊ

अँड्र्यू आणि विल्यम कार्झास हे ग्रीसमधून आलेले दोघे भाऊ. त्यांनी १९२२मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात ‘ट्रायनॉन’ ही बॉलरूम उघडली. खर्च दहा लाख डॉलरच्या वर. नाव फ्रेंच राजांच्या महालावरून, सजावटही तशीच. ती धो धो चालली, तेव्हा १९२६च्या जुलैत त्यांनी शहराच्या उत्तरेला ‘अॅरागॉन’ काढली. हिला सुमारे वीस लाख डॉलर लागले.

अॅरागॉनमध्ये शिरल्यावर आपण स्पेनमधल्या एखाद्या मूरकालीन वाड्याच्या चौकात उभे आहोत असं वाटावं अशी रचना आहे. भोवती कमानी, सज्जे, आणि वर छतावर लुकलुकणारे तारे. बाहेर शिकागोची हाडं गोठवणारी थंडी, आत कायमची स्पॅनिश रात्र. इमारत लोकल ट्रेनच्या स्टेशनाला खेटून. हे महत्त्वाचं. गाडी नसलेला माणूस थेट गाडीतून उतरून राजवाड्यात शिरत होता.

शिस्त मात्र मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकालाही लाजवेल अशी. पुरुषांना कोट-टाय सक्तीचा. जमिनीवर टक्सीडो घातलेले देखरेख करणारे फिरत. जोडपं फार जवळ आलं की खांद्यावर हलकी टिचकी. आज हे वाचून हसू येतं, पण या टिचकीवरच तर धंदा उभा होता. ती होती म्हणून आई पोरीला सोडत होती.

असलं वेड सगळीकडे पसरलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटालिना बेटावर च्युइंगगमवाल्या रिग्ली साहेबांनी बांधलेली गोल इमारत १९२९च्या मे महिन्यात उघडली. खाली थिएटर, वर बॉलरूम. नाचाच्या जागेचा व्यास १८० फूट आणि मध्ये एकही खांब नाही. वर जायला जिन्याऐवजी उतार, म्हणजे हजारोंची गर्दी न चेंगरता चढते-उतरते. तिथे नाचायला लोक बोटीने जायचे.

जमीन उसळते म्हणजे काय?

भाचीच्या लग्नात संगीताच्या रात्री मी तासभर नाचलो आणि पुढचे तीन दिवस जिना उतरताना देव आठवले. हॉलला चकचकीत टाइल्स, त्याखाली काँक्रीट. पाय आपटला की सगळा दणका गुडघ्यात. आपल्याकडे हे कळत नव्हतं असं नाही. आखाड्याची लाल माती ताक, तेल, हळद घालून मऊ ठेवतात ती पहिलवानाची हाडं शाबूत राहावीत म्हणूनच.

बॉलरूमच्या मालकांना हीच काळजी होती, फक्त मातीऐवजी लाकडी पट्ट्यांवर. वर घासून गुळगुळीत केलेलं मेपल, खाली बूच, नमदा, कुठे चक्क स्प्रिंगा. पोर्टलंड शहरातल्या क्रिस्टल बॉलरूमची जमीन तर बेअरिंगच्या गोळ्यांवर तरंगती ठेवलेली आहे. (काकांना कळवलं: एका बॉलरूममध्ये खरोखरच चेंडू सापडले.) अशा जमिनीवर पाय आपटला की ती किंचित दबते आणि परत वर ढकलते. चार तास नाचून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो, आणि मालकाच्या दृष्टीने जास्त मोलाचं म्हणजे, शनिवारी पुन्हा येतो. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये इतकं घासलं जायचं की साधारण दर तीन वर्षांनी सगळी जमीन बदलावी लागे.

पण सोळा माणसं कशाला?

आता मुख्य मुद्दा. बिग बँड म्हणजे तीन-चार ट्रम्पेट, तितकेच ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन आणि ताल धरायला पियानो, गिटार, मोठा उभा बास आणि ड्रम. एकूण पंधरा-सोळा माणसं. आधीच्या जॅझला पाच-सात जण पुरत. मग ही भरती कशाला?

कारण साधं आहे. दोन हजार माणसं एकाच वेळी बूट घासत नाचत असताना शेवटच्या टोकाला ठेका ऐकू जायला हवा. माइक होता, पण तो प्रामुख्याने गाणाऱ्यासाठी. वाद्यांचा आवाज वाढवायचा तर वाजवणारे वाढवायचे, दुसरा उपाय नाही. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड लाउडस्पीकरशिवाय अख्खी गल्ली दणाणून सोडतो, त्यामागे हेच.

शिवाय ते परवडत होतं. समजा रात्री दीड हजार लोक आले. सोळा वादकांत वाटले तर एका वादकामागे नव्वदच्या वर गिऱ्हाइकं. तेच लोक घटून चारशे झाले तर एकामागे पंचवीस. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

सोळा जणांनी मनाला येईल ते वाजवलं तर कालवा होईल. म्हणून ‘अरेंजर’ आला, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी काय वाजवायचं ते कागदावर लिहून देणारा. फ्लेचर हेंडरसन हा कृष्णवर्णीय पियानोवादक आणि त्याचा सहकारी डॉन रेडमन यांनी न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये वाजवता वाजवता याचा साचा बसवला: पितळी वाद्यांनी एक ओळ टाकायची, सॅक्सोफोनांनी ती उचलायची, आणि मधूनच एकाने उठून मनाजोगतं वाजवायचं. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ‘जी जी जी’ करून ती झेलतात, तसं. १९२४मध्ये याच बँडमध्ये ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग आला आणि उठून वाजवणाऱ्याने काय करायचं ते सगळ्यांना कळलं.

या संगीताला ‘स्विंग’ म्हणतात, तो शब्दही इथेच उरकू. चारही ठोके सारखे चालू असतात, पण ठोक्याचे आतले दोन अर्धे समान नसतात. पहिला जरा लांब, दुसरा जरा आखूड. चांगला ढोलकीवाला केरवा किंचित कलता ठेवतो आणि बसलेल्याची मान आपोआप हलू लागते, तो कल. कागदावर तो धड लिहिता येत नाही.

तीन तासांच्या फरकाने घडलेली क्रांती

काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपल्या घड्याळात एकच वेळ असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा होतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये साडेनऊ वाजलेले असतात.

१९३४च्या डिसेंबरात एका बिस्किट कंपनीच्या पैशाने एनबीसी रेडिओवर शनिवार रात्रीचा नाचगाण्याचा लांबलचक कार्यक्रम सुरू झाला. तीन बँड आलटून पालटून वाजवत. त्यातला सर्वांत तिखट बँड बेनी गुडमन या पंचविशीतल्या क्लॅरिनेटवाल्याचा, आणि त्याचा नंबर उशिरा. पूर्वेकडची घरं तोवर झोपलेली. गुडमनला वाटलं, आपल्याला कुणी ऐकतच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो बँड घेऊन दौऱ्यावर निघाला आणि गावोगाव पडला. डेन्व्हरमध्ये तर लोकांनी नाचण्याजोगं काहीतरी वाजवा म्हणून तक्रारी केल्या.

२१ ऑगस्ट १९३५. लॉस एंजेलिसची पॅलोमार बॉलरूम. सुरुवातीला बँडने घाबरून गुळमुळीत वाजवलं, लोक थंड. मग पडायचंच तर आपलं वाजवून पडू म्हणत त्यांनी हेंडरसनचे कागद काढले. लोक नाचायचे थांबले आणि स्टेजभोवती गर्दी करून ओरडू लागले. त्यांना ही गाणी ठाऊक होती! पश्चिमेच्या पोरांनी ती महिनोन्महिने रात्री नऊ-दहाला, टक्क जागेपणी ऐकली होती. स्विंगचं युग या रात्री सुरू झालं असं म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर हेंडरसनच्या घरी ते केव्हाच सुरू झालं होतं. त्याचा स्वतःचा बँड १९३४मध्ये मोडला होता आणि पैशांसाठी तो गुडमनला कागद लिहून देत होता.

पॅलोमारनंतर सगळ्यांना एक युक्ती उमगली: बॉलरूममध्ये रेडिओची तार हवी. रात्री उशिरा बॉलरूममधून थेट प्रक्षेपण व्हायचं, त्याला ‘रिमोट’ म्हणत. रिमोट असलेल्या जागी बँड तोट्यातही वाजवायला तयार असे. ग्लेन मिलरने १९३९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ग्लेन आयलंड कसिनोत वाजवलं आणि रेडिओमुळे घराघरांत पोचला. मग ते नाव घेऊन दौरा करायचा आणि गावोगावच्या बॉलरूममध्ये एकेक रात्र वाजवून कमवायचं. नारायणगावात राहुट्यांमधून तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात ना, तसे हे दौरे ठरवणारे दलाल होते. सर्वांत मोठी कंपनी ज्यूल्स स्टाइन नावाच्या माणसाने १९२४मध्ये शिकागोत काढली. शिक्षणाने हा गृहस्थ डोळ्यांचा डॉक्टर!

अशी एक रात्र आज ऐकता येते. ७ नोव्हेंबर १९४०, गुरुवार, नॉर्थ डकोटातलं फार्गो. ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथल्या क्रिस्टल बॉलरूममध्ये (पोर्टलंडची ती वेगळी). जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी हौसेने तबकड्या कोरायचं यंत्र उचलून नेलं आणि स्टेजजवळ माइक लावून सगळी रात्र टिपली. मधेच गप्पांचा आवाज येतो, वादक एकमेकांना ओरडून दाद देतात. जगातला बहुधा सर्वोत्तम बँड थंडीतल्या एका आडगावी, नाचायला आलेल्या लोकांपुढे, मन लावून वाजवतोय. कित्येक वर्षांनी ते ध्वनिमुद्रण रीतसर बाजारात आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

हार्लेममधली डबलबारी

एकच बॉलरूम निवडायची तर मी सॅव्हॉय निवडेन. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीत लेनॉक्स अॅव्हेन्यूवर, १४०व्या ते १४१व्या रस्त्यापर्यंत पसरलेली. १२ मार्च १९२६ला उघडली. मालक मो गेल हा ज्यू, कारभार चार्ल्स ब्युकॅनन या काळ्या माणसाच्या हाती. संध्याकाळी सहाच्या आधी ३० सेंट, मग ६०, आठनंतर ८५.

सॅव्हॉयमध्ये शेजारी शेजारी दोन स्टेज होते. एक बँड थकला की दुसरा त्याच दमात उचलायचा, संगीत खंडत नसे. आणि दोन बँड समोरासमोर आले की काय होणार ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. डबलबारी! एका बुवाने टाकलेला गजर दुसऱ्याने चढवून परत करायचा आणि निकाल समोरच्या गर्दीने द्यायचा.

सॅव्हॉयचे घरचे बुवा म्हणजे चिक वेब. लहानपणी मणक्याच्या क्षयाने पाठीला कुबड आलेलं, उंची जेमतेम चार फुटांच्या वर, पेडल खास बनवून घेतलेली. ड्रममागे बसला की फक्त डोकं दिसायचं. ११ मे १९३७ला त्याच्यासमोर आला बेनी गुडमन, तोवर देशाने ज्याला ‘स्विंगचा राजा’ करून टाकलं होतं. चारेक हजार लोक आत, हजारो बाहेर अडवलेले. गुडमनचा ड्रमर जीन क्रुपा तेव्हा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला. त्या रात्री शेवटी क्रुपाने चिक वेबपुढे कमरेत वाकून मान तुकवली. गर्दीने निकाल आधीच दिला होता. वेबच्या बँडमध्ये तेव्हा विशीतली एक मुलगी गायची, एला फिट्झजेराल्ड. दोन वर्षांनी वेब गेला तेव्हा तो बँड तिच्याच नावाने पुढे चालला.

स्टेजजवळच्या एका कोपऱ्यात फक्त पट्टीचे नाचणारे उतरत. नवख्याने तिथे पाऊल टाकायचं नाही, असा अलिखित नियम. इथे ‘लिंडी हॉप’ हा नाच वाढला. जोडीने नाचता नाचता मध्येच हात सोडून प्रत्येकाने आपलं काहीतरी करून दाखवायचं आणि पुन्हा हात धरायचा, म्हणजे बँडमधला एकटा वादक उठून वाजवतो त्याचंच पायांतलं रूप. १९३५मध्ये फ्रँकी मॅनिंग नावाच्या विशीतल्या पोराने जोडीदारणीला पाठीवरून हवेत उलटी फिरवून समोर उतरवलं, आणि नाच जमिनीवरून सुटला.

मला सॅव्हॉयची सर्वांत आवडणारी रात्र मात्र गुरुवारची. तिला गमतीने ‘किचन मेकॅनिक्स’ची रात्र म्हणत. गोऱ्यांच्या घरी राहून काम करणाऱ्या मोलकरणींना आणि स्वयंपाकिणींना सुट्टी गुरुवारी मिळायची. दिवसभर दुसऱ्याच्या घरची लादी पुसणाऱ्या बाईसाठी कुणीतरी लादी चमकवून ठेवलेली असायची.

म्हणजे सगळ्यांना प्रवेश होता?

छे. ‘सामान्यांचा राजवाडा’ म्हणताना इथे जीभ चावावी लागते. ट्रायनॉन आणि अॅरागॉनमध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता. रोझलँडमध्ये हेंडरसनचा काळा बँड गोऱ्या नाचणाऱ्यांसाठी वाजवत होता. डेट्रॉइटच्या ग्रेस्टोन बॉलरूममध्ये काळ्यांसाठी सोमवार राखून ठेवलेला, म्हणजे ज्या रात्री एरवी धंदा थंड असतो ती रात्र. दक्षिणेत काही ठिकाणी जमिनीच्या मधोमध दोर बांधून एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे नाचत. एलिंग्टन दक्षिणेत जाताना स्वतःचे रेल्वेचे डबे भाड्याने घ्यायचा, कारण कार्यक्रमाला टाळ्या वाजवणाऱ्या गावात रात्री झोपायला खोली मिळत नसे.

कला चालते, कलावंत पंगतीला चालत नाही. महाराष्ट्रात तमाशाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे आणखी समजावून सांगायला नको.

सॅव्हॉय वेगळी होती: काळे-गोरे एकाच जमिनीवर, एकमेकांबरोबर. १९४३च्या एप्रिलमध्ये ती सरकारी हुकमाने बंद करण्यात आली. कारण दिलं की तिथे सैनिकांना वेश्या गाठतात. हार्लेमच्या लोकांचं मत पडलं की खरं दुखणं काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाचण्याचं आहे. ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली.

रॉक अँड रोल आलं आणि हे सगळं मेलं, असंच ना?

असं पुष्कळ जण सांगतात, पण तारखा जुळत नाहीत. रॉक अँड रोलची लाट १९५४-५५ची. आणि १९४६च्या शेवटी अवघ्या काही आठवड्यांत गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वुडी हर्मन, लेस ब्राउन यांच्यासह आठ नामवंतांनी आपापले बँड मोडले होते. काहींनी पुन्हा उभे केले, पण ते दिवस परत आले नाहीत.

घाव आधीच बसले होते, एकावर एक. महायुद्धात वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर रेशनवर, म्हणजे बसचे दौरे ठप्प. तबकड्या ज्या लाखेच्या बनत ती प्रामुख्याने भारतातून जायची. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच लाख. १९४२मध्ये अमेरिकेत तिच्यावरही बंधनं आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत १९४४पर्यंत चालला. गायक या युनियनमध्ये नव्हते. त्यांनी नुसत्या कोरसच्या साथीने गाणी गायली आणि लोकांना बँडऐवजी गायकाच्या नावाने तबकडी मागायची सवय लागली. फ्रँक सिनात्रा हे सर्वांत ठळक उदाहरण.

१९४४मध्ये खाण्यापिण्याबरोबर नाच किंवा गाणं असलेल्या जागांवर ३० टक्के कर बसला, तो काही महिन्यांत २० टक्क्यांवर आला. ‘कॅबरे टॅक्स’. पुष्कळ जागांनी नाच बंद करून टाकला. निव्वळ नाचाच्या बॉलरूम ‘आम्ही कॅबरे नाही हो’ म्हणत कोर्टात भांडत बसल्या.

मग युद्ध संपलं. परत आलेल्या सैनिकांनी लग्नं केली, शहराबाहेर घरं घेतली. तिथून बॉलरूमला नेणारी लोकल नव्हती आणि घरी बाळ होतं. थोड्याच वर्षांत दिवाणखान्यात टीव्हीही आला. आता मघाचे दोन आकडे काढा. एका वादकामागे नव्वद गिऱ्हाइकं होती ती पंचवीसवर आली की सोळा जणांचं पोट कसं भरायचं? त्यातच आवाज वाढवणारी यंत्रं सुधारली, गिटारला वीज जोडली गेली. चार जणांत हॉल दणाणू लागल्यावर सोळांना कोण बोलावतो?

रॉक अँड रोलने उलट काही बॉलरूम वाचवल्या. आयोवातली सर्फ बॉलरूम १९३३ची. जळाली, पुन्हा बांधली. २ फेब्रुवारी १९५९ला तिथे बडी हॉलीने आयुष्यातला शेवटचा कार्यक्रम केला आणि काही तासांत विमान कोसळून तो गेला. सर्फ आजही चालू आहे. अॅरागॉनही आहे, तिथे आता उभ्याने कार्यक्रम ऐकतात. रोझलँड २०१४मध्ये बंद झाली.

मग आपल्या डोक्यात श्रीमंतांचीच बॉलरूम का?

कारण आपल्याकडे ती आली ताजमहाल हॉटेलातून. १९३५मध्ये लिऑन अॅबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजला आला. पाठोपाठ इतर आले. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर इथलाच झाला आणि १९४५मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. ज्यांना हार्लेमबाहेर मागच्या दाराने शिरावं लागे, ते इथे संस्थानिक आणि साहेबलोकांपुढे वाजवत होते. गिरगावातला कारकून किंवा परळचा गिरणी कामगार ६० सेंटांच्या हिशेबाने तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पण या बँडच्या मागच्या खुर्च्यांवर गोव्याची पोरं बसली होती. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून त्यांना कागदावरचं पाश्चात्त्य संगीत वाचायला शिकवलेलं, आणि बिग बँडला नेमकं तेच लागतं. आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. ट्रम्पेटवर तो ‘चिक चॉकलेट’ झाला. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं. तेव्हा ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, जशा पितळी वाद्यांची तहान होती ती यांनी भागवली. १९५१च्या ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’मध्ये पडद्यावर दिसणारा बँड चिक चॉकलेटचाच आहे. हार्लेमच्या मोलकरणी ज्यावर नाचल्या त्या संगीताचं चुलत भावंड आपल्या गणपतीच्या मांडवात मास्टर भगवानच्या पावलांनी येऊन पोचलं होतं, फक्त कुणी नाव सांगितलं नव्हतं.

सॅव्हॉयचं पुढे काय झालं?

१९५८मध्ये ती बंद पडली आणि पाडली गेली. जागेवर घरांची वसाहत आली. २००२मध्ये तिथे एक स्मृतिफलक लावला. जोडीदारणीला हवेत फिरवणारा तो फ्रँकी मॅनिंग युद्धावरून परतला, काही वर्षं नाचाचं पथक चालवलं, आणि काम मिळेना तेव्हा टपाल खात्यात चिकटला. तीस वर्षं. पुढे म्हातारपणी जगभरच्या पोरांना त्याने पुन्हा लिंडी हॉप शिकवला, अगदी २००९मध्ये ९५व्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी जाईपर्यंत.

ते सुरू झालं एका फोनने. १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोघा तरुण नाचणाऱ्यांनी त्याचा नंबर शोधून काढला. फोन लावून विचारलं, नाचणारे फ्रँकी मॅनिंग ते तुम्हीच का?

पलीकडून उत्तर आलं, नाही, मी पोस्टातला फ्रँकी मॅनिंग.

ते दोघे तरीही न्यूयॉर्कला गेले.